हातशिलाईची बाराखडी : लेखांक चौथा
बाराबंदीच्या काखेतली शिवण

पौषातली संक्रांत आठ दिवसांवर आली, की सोलापुरातल्या कितीतरी घरांत माळ्यावरच्या ट्रंका खाली उतरतात आणि त्यांच्या तळाशी कडुनिंबाच्या वाळक्या पाल्यात जपून ठेवलेल्या पांढऱ्या बाराबंद्या उन्हात पडतात. ग्रामदैवत सिद्धरामेश्वरांच्या यात्रेत सात नंदीध्वजांच्या मागेपुढे जे भक्तगण चालतात त्यांचा हा पोशाख. बाराव्या शतकातल्या त्या योगी पुरुषाच्या योगदंडाशी एका कुंभारकन्येचा विवाह लागला अशी जी श्रद्धा आहे, त्या विवाहाच्या अक्षता संमती कट्ट्यावर पडतात तेव्हा तळ्याकाठची सारी गर्दी दुरून पाहणाऱ्याला एकच पांढरे वस्त्र अंथरल्यासारखी दिसते. जवळ गेल्यावर मात्र ते वस्त्र एक राहत नाही. प्रत्येकाच्या अंगावर ते तुकड्यांचे, सांध्यांचे आणि बंदांचे होते, आणि गेल्या तीन आठवड्यांत या लेखमालेच्या वाचकांनी सुई, दोरा व कापडाचा उभा-आडवा धागा यांचा जो परिचय करून घेतला, त्याचा पहिला खरा उपयोग याच सांध्यांपाशी व्हावयाचा आहे.

या पोशाखाकडे पाहताना एक विचार माझ्या मनात दरवर्षी येतो. देवकार्याचे वस्त्र म्हणजे न शिवलेले वस्त्र, हा आपल्याकडचा शिरस्ता फार जुना. सोवळ्याचा कद असो, मुकटा असो की पूजेचे धूतवस्त्र असो, त्याला सुई लागलेली चालत नाही. मागावरून उतरले तसे अखंड कापड देहाभोवती घ्यावयाचे आणि त्याला देहाचा आकार निऱ्यांनी व काष्ट्याने द्यावयाचा. हा भेद भाषेनेही किती काटेकोरपणे जपला आहे पाहा : धोतर आणि लुगडे आपण नेसतो, शाल पांघरतो, पागोटे बांधतो, आणि जे सुईखालून आले ते मात्र घालतो. नुकते बोलू लागलेले मराठी मूलही सदरा नेसला असे म्हणत नाही. असे असता, सोलापूरच्या सर्वांत मोठ्या धर्मकृत्यात शिवलेली बाराबंदी हीच मानाची ठरावी, हे मला या नगराच्या स्वभावाला अत्यंत धरून वाटते. १८७७ साली सुरू झालेल्या जुन्या गिरणीच्या भोंग्यावर ज्या गावाने पिढ्यान् पिढ्या आपले दिवस मोजले, ज्याच्या पूर्वभागात पद्मशाली विणकरांचे माग खडखडत राहिले, ज्याची चादर देशभर अंथरली गेली आणि जेथे आज हजारो शाळकरी मुलांचे गणवेश शिवले जातात, त्या गावाने शिवणीला देवाच्या दारात जागा द्यावी, यात नवल ते काय?

शिवणे ही कला आपल्याकडे मुसलमानी अमलाबरोबर आली असा एक समज पुष्कळ सुशिक्षितांच्याही बोलण्यात येतो. तो खरा नाही. अमरकोशात शिंप्याला तुन्नवाय आणि सौचिक अशी दोन नावे आहेत, वात्स्यायनाच्या चौसष्ट कलांत सूचीवानकर्म आहे, आणि अजिंठ्याच्या भित्तिचित्रांत बाह्यांचे, अंगाला बेतलेले कपडे घातलेली माणसे ज्याला पाहावयाची असतील त्याला स्पष्ट दिसतात. इराणी-तुर्की संबंधातून जे आले ते बेतण्याचे नवे प्रकार आणि त्यांचा शब्दसंभार : अस्तर, अस्तनी, जामा, मगजी, बखिया, रफू, आणि खुद्द दर्जी हा शब्द. पुढे पोर्तुगीजांनी काज दिले, इंग्रजीने हेम दिली. परंतु सुई हा शब्द सूचीचाच आणि शिवण सीवनाचीच राहिली. कोणत्या काळात काय आले याचे दप्तरच जणू शिंप्याच्या पेटीत आहे, आणि ते दप्तर वाचावयास हाताशी एक जुना कपडा असला म्हणजे पुरे.

माझ्या हाती असा कपडा आला तो आजोबांच्या बाराबंदीच्या रूपाने. ती हातशिलाईची होती, आणि उजव्या काखेत चार बोटे उसवली होती. त्या वर्षी धाकट्या भावाला मिरवणुकीत चालावयाचे होते, म्हणून मी ती दोन संध्याकाळी बसून शिवली. बारीक, सरळ, पाहणाऱ्याने नाव काढावे असा धावदोरा मी घातला. तैलाभिषेकाच्या मिरवणुकीत नंदीध्वजाला आधार द्यावयास भावाने हात वर केला मात्र, माझी सगळी शिवण एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सरळ निघून गेली. घरी आल्यावर आत्याने तो कपडा मांडीवर घेतला, आत उलटा केला आणि माझ्या शिवणीकडे न पाहता आजोबांच्या काळच्या डाव्या काखेकडे बोट केले. ती एवढेच म्हणाली, “अगं, टाका चांगला आहे तुझा. जागा चुकली. इथला टाका बघ, आणि कुशीवरचा बघ. दोन्ही एकाच माणसाने घातलेत, पण एक टाका नाही तो.”

त्या रात्री सुईच्या टोकाने मी डाव्या अंगाची शिवण इंच-इंच उसवून पाहिली, आणि जी गोष्ट मी पुस्तकातून शिकले नव्हते ती मला तेथे दिसली. कुशीवर, म्हणजे काखेपासून खाली जाणाऱ्या लांब शिवणीवर, धावदोराच होता; परंतु दर पाचव्या-सहाव्या टाक्याला सुई एक पाऊल मागे जाऊन पुढे आली होती. बाहीचा मुंढा जेथे अंगाला मिळतो तेथे मात्र एकही सुटा टाका नव्हता. सलग, दाटीवाटीची उलटी टीप होती. आणि आतल्या बाजूला दोन्ही ठिकाणी कापडाच्या कडा दुमडून, त्यांच्यावर तिरप्या टाक्यांची हेम घालून, एकही मोकळा धागा दिसणार नाही अशी बंद केली होती. तीन टाके, आणि प्रत्येकाचा आपापला मुलूख. आजचा धडा या तिघांचा आहे.

प्रथम धावदोरा. मांजरपाटाच्या वीतभर लांबीच्या दोन पट्ट्या घ्याव्यात. काठापासून अर्ध्या इंचावर कापडाचाच एक धागा ओढून काढावा, म्हणजे जी विरळ रेघ उमटते तिच्याइतकी सरळ रेघ कोणत्याही पट्टीने मारता येणार नाही. दोरा एकेरी असावा आणि त्याची लांबी कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत, फार तर त्याहून वीतभर अधिक. हात वाचावा म्हणून लांब दोरा घेणाऱ्याचा वेळ गुंता सोडविण्यात जातो. दोरा मेणावरून एकदा ओढून घ्यावा. डाव्या हाताच्या अंगठ्याने व तर्जनीने दोन्ही पट्ट्या ताणून धराव्यात, उजव्या हाताच्या मधल्या बोटात अंगुस्तान असावे, आणि यापुढची गोष्ट नवशिक्यांनी नीट ध्यानी घ्यावी : सुई कापडावर चालवावयाची नसते, कापड सुईवर चढवावयाचे असते. उजव्या हातातली सुई जवळजवळ स्थिर राहते, डावा हात कापडाला बारीक हेलकावे देत ते तिच्यावर ओवीत जातो, आणि पाच-सहा टाके सुईवर जमले की मग ती एकदम ओढून घ्यावयाची. गोधडी घालणाऱ्या आपल्या म्हाताऱ्या बायांचे हात पाहिले तर हेच दिसेल. जुन्या लुगड्यांचे चार-पाच थर एकावर एक पसरून त्या काठापासून आत, घेर धरीत, मध्यापर्यंत धावदोरा नेतात, आणि बोलता बोलता त्यांच्या टाक्यात भाताच्या कणीएवढाही फरक पडत नाही.

धावदोऱ्याचा गुण म्हणजे वेग आणि काटकसर, आणि दोष म्हणजे एकच धागा कापडाच्या आलटून-पालटून दोन्ही अंगांनी गेलेला असल्यामुळे तो कोठेही तुटला की सबंध शिवण त्याच्या मागून निघत जाते. गोधडीत हे चालते, कारण तेथे शेकडो ओळी एकमेकींना सांभाळून घेतात. लांब कुशीवरही चालते, कारण तेथे ओढ थोडी. परंतु तेथेही जुना शिंपी दर पाच-सहा टाक्यांना एक पाऊल मागे घेत असे, म्हणजे शिवणीला मधूनमधून कुलूप लागे, आणि एक टाका तुटला तर नुकसान त्या कुलपापाशी थांबे. वाचकांनी पहिली पट्टी नुसत्या धावदोऱ्याची आणि दुसरी अशा कुलपाच्या धावदोऱ्याची शिवावी, दोन्हींच्या मध्यावरचा एक टाका कात्रीने कापावा आणि पट्ट्या दोन हातांनी ओढून पाहाव्यात. या प्रयोगाने जे कळते ते चार पाने वाचून कळणार नाही.

आता उलटी टीप, जिला फारसीवरून आलेल्या शब्दाने बखिया म्हणतात. सुई खालून वर काढावी, एक टाका मागे नेऊन खाली घालावी, आणि खालच्या अंगाने दोन टाक्यांएवढी पुढे आणून पुन्हा वर काढावी. पुढचा टाका मागच्या टाक्याच्या छिद्राला टेकलाच पाहिजे. वरच्या बाजूने पाहिले तर यंत्राच्या टिपेसारखी सलग ओळ दिसते आणि खालच्या बाजूने धाग्यावर धागा चढलेली जाड दोरी दिसते. हिशेब केला तर शिवणीच्या एका इंचाला वरून एक इंच आणि खालून दोन इंच, असा सुमारे तिप्पट दोरा टिपेत जातो, आणि वेळही त्याच मानाने. या तिपटीच्या मोबदल्यात मिळते ते असे : प्रत्येक जागी शिवणीला तीन पदरी आधार आहे, आणि धाग्यात थोडी ढिलाई साठलेली असल्याने कापड ताणले गेले तरी शिवण त्याच्याबरोबर किंचित ताणली जाते, तटकन तुटत नाही.

मध्ययुगात या फरकाची किंमत रोखीत केली जात असे, याचा पुरावा अबुल फजलच्या आईन-इ-अकबरीत आहे. सोळाव्या शतकाच्या अखेरच्या त्या ग्रंथात बादशाही पोशाखाचा तपशील देताना त्याने कोणत्या कपड्याला किती गज कापड, किती रेशीम आणि किती शिलाई, हे एखाद्या कारखान्याच्या कारकुनाने मांडावे तसे मांडले आहे. तकौचिया नावाच्या, अस्तर नसलेल्या हिंदुस्थानी घाटाच्या अंगरख्याला ७ गज ७ गिरह कापड, बंदांसाठी आणखी ५ गिरह, आणि मिस्कालभर रेशीम. साध्या शिलाईची मजुरी १ ते ३ रुपये, आणि नक्षीदार टाक्यांची असल्यास पावणेपाचांपर्यंत. हा अंगरखा पूर्वी डाव्या अंगाला बांधीत, तो उजव्या अंगाला बांधावा असे बादशहाने ठरविले, हेही त्याने नोंदविले आहे. परंतु आपल्या धड्याच्या दृष्टीने मोलाची नोंद निराळीच आहे : कलमी नावाच्या, रुई घातलेल्या कपड्याला बखियाची शिलाई घातली तर मजुरी २ रुपये आणि अजीदा टाक्याची घातली तर १ रुपया. टीप घालणाऱ्याला दुप्पट दाम! दरबारातल्या उंची पोशाखांपैकी एकात तर दर गिरहाला, म्हणजे सुमारे दोन इंचांना, साठ टाके असत, आणि म्हणून त्याचे नावच ‘साठ ओळींचा’ असे पडले होते. आपल्या सरावाला इंचाला आठ टाके पुष्कळ झाले. पण मनुष्याचा हात कोठवर जाऊ शकतो, हे ठाऊक असलेले बरे.

या दरपत्रकात राजाचा थाट दिसतो हे खरे. तथापि मला त्यात अधिक दिसतो तो शिंप्याचा विवेक. टीप दुप्पट महाग आहे म्हणूनच ती सगळीकडे घालावयाची नसते. गावगाड्यात शिंप्याची गणना अलुतेदारांत होई. ज्याचे गिऱ्हाईक म्हणजे वर्षाकाठी एखादा कपडा शिवून घेणारा कुणबी, त्याने कुशीला टीप घालून दोरा आणि दिवस खर्ची घातला असता तर तो जगला नसता, आणि काखेला धावदोरा घातला असता तर त्याचे गिऱ्हाईक जगले नसते. सोलापूरपासून सुमारे सत्तर किलोमीटरवर पंढरपुरात महाद्वाराच्या ज्या पायरीवर आपण पाय न ठेवता पुढे जातो, ती नामदेवांची. शिंपी कुळातल्या या संताची पदे शिखांच्या गुरुग्रंथसाहेबात आहेत आणि त्यांतल्या एका पदात गज, कात्री, सुई आणि धागा ही धंद्याचीच हत्यारे येतात. धंद्यात इतके मुरलेले मन भक्तीकडे वळले तेव्हा तेच शब्द घेऊन गेले.

तिसरा टाका हेमेचा, आणि त्याच्यासाठी आधी दुमड समजली पाहिजे. दोन पट्ट्या धावदोऱ्याने जोडल्यावर आतल्या अंगाला दोन कडा उरतात. त्यांतली एक कात्रीने निम्मी करावी. दुसरी, रुंद राहिलेली कड तिच्यावरून वळवून आत खुपसावी, म्हणजे अरुंद कड तिच्या पोटात जाते. मग ती दुमड कापडावर आडवी करून नखाने दाबीत जावे, इस्तरीपेक्षा नख येथे अधिक खरे काम करते. दुमडीच्या काठातून सुई निघावी, खालच्या कापडाचे एक किंवा दोनच धागे उचलावेत, आणि तिरपी होऊन पुन्हा दुमडीत शिरावी. दोनांपेक्षा अधिक धागे उचलले तर बाहेरच्या बाजूला ठिपके दिसतात, एकही उचलला नाही तर दुमड लोंबते. ही शिवण आतून आणि बाहेरून दोन्हीकडून नीटस असते, आणि अस्तर नसलेल्या कपड्याला तिच्याशिवाय गत्यंतर नाही.

हिची आवश्यकता आपल्याच मुलखात एवढी का, याचे कारण कापडात आहे. ग्रीनलंडमध्ये हेर्योल्फ्स्नेस येथे १९२१ साली पौल नॉर्लंड या डॅनिश संशोधकाने मध्ययुगीन दफनभूमी खणली, तेव्हा गोठलेल्या मातीत कितीतरी लोकरी झगे, टोपरी आणि मोजे जवळजवळ जसेच्या तसे सापडले. युरोपातल्या सामान्य माणसाच्या मध्ययुगीन शिवणीचे एवढे मोठे दालन दुसरे क्वचितच असेल. लोकर दाट घोटलेली असली, म्हणजे तिचे तंतू एकमेकांत इतके गुंततात की कापलेली कड फारशी उसवत नाही, आणि तेथल्या शिवणाऱ्याला ती कड नुसत्या बारीक वेढ्याच्या टाक्यांनी बसवून टाकता येते. आपले सुती कापड तसे नाही. दख्खनच्या कोरड्या हवेत, घामाने भिजणाऱ्या आणि धोपटून धुतल्या जाणाऱ्या सुती कपड्याची मोकळी कड दोन धुण्यांत दशांसारखी सुटते. म्हणून येथे दुमड, आणि दुमडीवर हेम. आपल्याकडे लोकरीचे जे काम आहे त्यात पाहा : सांगोल्याकडचे सनगर अरुंद मागावर घोंगडीच्या पट्ट्या विणतात, चिंचोक्याची खळ देतात आणि दोन पट्ट्या काठाला काठ लावून शिवतात, तेथे दुमड नाही, कारण काठ मागावरच बांधला गेलेला आहे आणि लोकर स्वतःला धरून राहते. जो टाका ग्रीनलंडच्या झग्यात, साधारण त्याच जातीचा टाका धनगराच्या घोंगडीत, ही गोष्ट मला फार आनंद देते.

टाका काठापासून किती दूर घालावा, असा प्रश्न गेल्या लेखांकानंतर काही वाचकांनी विचारला होता. याचे उत्तर मी शिवणाच्या पुस्तकातून न देता सुश्रुतसंहितेतून देते, कारण तेथे ते अधिक विचारपूर्वक दिलेले आहे. आठ शस्त्रकर्मांपैकी सीव्य म्हणजे जखम शिवण्याचे कर्म. तेथे सांगितले आहे की टाका काठापासून फार दूरही नसावा आणि फार जवळही नसावा, दूर घातला तर जखमेला वेदना आणि जवळ घातला तर काठच तुटावयाचा. कापडाला वेदना नाही, पण दूरच्या टाक्याने त्याला चुण्या पडतात; काठ मात्र अगदी तसाच तुटतो. मांसल जागेसाठी तीन अंगुळे लांबीची तिधारी सुई आणि थोड्या मांसाच्या जागी व सांध्यांवर दोन अंगुळांची गोल सुई, असा भेद सुश्रुताने केला आहे. शिवणीचे प्रकार चार : वेल्लितक, गोफणिका, तुन्नसेवनी आणि ऋजुग्रंथि. यांतल्या तुन्नसेवनीत तुन्नवायाचा, म्हणजे आपल्या शिंप्याचाच शब्द आहे, आणि वेल्लितकाच्या नावातच वेढा आहे. ज्या विद्येला आपण धंद्याची म्हणून खालची मानली तिच्याकडून वैद्याने शब्द आणि टाके दोन्ही उसने घेतले. इतकेच नव्हे, तर शिष्याने हात बसविण्यासाठी प्रथम पातळ व जाड कापडाच्या कडा आणि मऊ कातड्याच्या कडा शिवाव्यात, असेही त्या ग्रंथात सांगितले आहे. तेव्हा मांजरपाटाच्या पट्ट्या शिवीत बसलेल्या वाचकांनी आपण फार प्राचीन पाठशाळेत बसलो आहोत असे समजावे.

उरली बेतण्याची गोष्ट, कारण शिवण कोठे येणार हे बेतच ठरवितो. मध्ययुगीन शिंप्याला कापड मागाच्या अरुंद पन्ह्यात मिळे. विणकराचे दोन हात धोटा जेवढ्या अंतरावर फेकू शकतील तेवढाच पन्हा. हातकताईच्या सुताचे ते कापड इतके मोलाचे असे, की त्यातली चिंधीही वाया घालविणे कोणाला परवडत नसे. म्हणून कपडा वळणदार रेघांनी न कापता चौकोन आणि त्रिकोण यांनी बेतीत. अंगाचे चौकोन, बाहीचा निमुळता चौकोन, आणि घेर हवा तेथे कळ्या : एक लांबट तुकडा कोपऱ्यातून कोपऱ्यात कापला की त्याच्या दोन कळ्या होतात, आणि चिंधी शिल्लक राहत नाही. ग्रीनलंडच्या त्या झग्यांचा घेर अशाच त्रिकोणी कळ्यांनी साधलेला आहे आणि दख्खनच्या जाम्याचाही. कळीची एक कड सरळ धाग्यावर असते आणि दुसरी उरेब. उरेब कड ताणली जाते, म्हणून तिला नेहमी सरळ कडेची सोबत द्यावी. दोन उरेब कडा एकमेकींना जोडल्या तर पहिल्याच धुण्यात शिवण लोंबते. जोडताना उरेब कड ओढू नये, नुसती टेकवावी. आणि या शिवणीला कुलपाचा धावदोरा पुरतो.

काखेचे तसे नाही. चौकोनी बेताच्या कपड्यात हात वर केला की सारा ताण काखेच्या एका बिंदूवर येतो, आणि तेथे शिवण कितीही बळकट असली तरी कापडच फाटते. यावर जुन्या शिंप्यांनी जी युक्ती काढली ती मला सगळ्या शिवणकलेतली सर्वांत बुद्धिमान वाटते. चार बोटांचा एक लहानसा चौकोन कापावयाचा आणि तो काखेत कोपऱ्यावर उभा करून बसवावयाचा. त्याच्या दोन बाजू बाहीला आणि दोन अंगाला. तुकडा कापला आहे सरळ धाग्यावर, परंतु कोपऱ्यावर उभा केल्याने हात वर होताच ताण त्याच्या कर्णावर, म्हणजे कापडाच्या उरेबावर येतो, आणि उरेब कापड सैल होऊन तो ताण गिळते. हात खाली आला की चौकोन मिटून काखेत नाहीसा होतो. आजोबांच्या बाराबंदीत तो तुकडा होता. मी शिवताना तो मला अनावश्यक ठिगळ वाटला होता, म्हणून त्याची उसवलेली बाजू मी सरळ आत दाबून टाकली होती. टाका तुटला तो या कारणाने.

हा चौकोन, म्हणजेच बगल, बसविताना त्याच्या चारही बाजू वेगवेगळ्या शिवाव्यात, एका दमात फिरू नये. प्रत्येक बाजूची टीप कोपऱ्याच्या अलीकडे, शिवणीला सोडलेल्या कडेइतके अंतर राखून सुरू करावी आणि तितक्याच अंतरावर थांबवावी. टोकावर दोन उलटे टाके घेऊन दोरा आत वळवावा, गाठ मारू नये, कारण काखेत गाठ टोचते. कोपऱ्यांची चारही टोके मोकळी राहिली म्हणजे ती आत नीट वळतात. मग दुमड, नख, आणि हेम. पहिल्या वेळी हे जमत नाही. मांजरपाटाच्या तुकड्यांवर तीन वेळा करून पाहावे आणि चौथ्या वेळी कपड्याला हात लावावा. मला पाच वेळा करावे लागले, आणि पाचव्या वेळी आत्याने तो तुकडा उजेडाकडे धरून चारही कोपरे पाहिले व काही न बोलता बाराबंदी माझ्या हाती दिली.

पुढल्या संक्रांतीला भावाने तीच घातली. अक्षतांच्या वेळी त्याचा हात गर्दीच्या वर उंच गेला, तेव्हा मी सिद्धरामेश्वरांकडे पाहण्याआधी त्याच्या काखेकडे पाहिले, आणि तो पांढरा चौकोन क्षणभर उलगडलेला मला दिसला.

पुढील लेखांकात बंद. नावाप्रमाणे बारा बंद धरले तर त्यांच्या गाठी सहा, आणि त्यांतल्या काही आत लपणाऱ्या. वाचकांनी तोवर मांजरपाटाच्या दोन बोटे रुंद आणि हातभर लांब अशा बारा पट्ट्या, उभ्या धाग्यावर, धागा ओढून कापून ठेवाव्यात. उरेब कापू नयेत, नाहीतर बंद ताणले जाऊन गाठ सैल पडते.